ढवळे सरांचा एकच प्रश्न

हळू बोलणं शिकवावं लागतं, हे ढवळे सर भेटेपर्यंत मला माहीत नव्हतं. शालेय समुपदेशनाच्या पदव्युत्तर पदविकेला आमच्या वर्गात बहुतेक सगळे शिक्षकच होते, आणि शिक्षक म्हटल्यावर आवाज आलाच. पण सरांचा आवाज वर्गातला नव्हता, मैदानातला होता. कर्जत तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात त्यांनी उभी हयात पी.टी. शिकवली होती. मैदानाच्या पार पलीकडे लिंबाखाली रेंगाळणारं पोरगं नुसत्या हाकेने रांगेत यायचं म्हणे. आता समुपदेशनाचा पहिला धडा गोपनीयतेचा. मुलाने सांगितलेलं खोलीच्या बाहेर जाता कामा नये. सरावाच्या पहिल्याच दिवशी ढवळे सर, त्यांच्या मते अगदी कानात सांगितल्यासारखे, म्हणाले, "घाबरू नकोस बाळा, हे आपल्या दोघांतच राहील," आणि खाली पार्किंगमधला वॉचमन दचकून वर बघायला लागला.

वर्ग हसला. मी जरा जास्तच हसले. मला हसू दाबता येत नाही. मी नगरच्या सावेडीतल्या शाळेत शिकवायचे, तिथे आठवीच्या वर्गावरसुद्धा येत नव्हतं. आमच्या कोर्सच्या प्रमुख साळवे मॅडम मात्र हसल्या नाहीत. आयुष्य मुलांच्या समुपदेशनात घालवलेली ती बाई बोलायला मऊ आणि कामाला करडी. त्यांनी सरांना भिंतीशी तोंड करून उभं केलं आणि दर वर्गाला थोडा वेळ भिंतीला ऐकू जाईल इतकंच बोलायचं, असं सांगितलं. पन्नाशी ओलांडलेला, मिशा राखलेला, अंगापिंडाने पहिलवान माणूस भिंतीशी उभा राहून "तुला काय वाटतंय? तुला काय वाटतंय?" असं पुटपुटतोय, हे दृश्य आम्ही महिनाभर बघत होतो. त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. जमेपर्यंत तेच तेच करायचं, मैदानावर पोरांकडून तरी ते दुसरं काय करून घेत होते?

वर्ग शनिवार-रविवारी नगरला असायचा. सर पहाटेच्या एस.टी.ने निघायचे आणि आमच्या कितीतरी आधी पोचायचे. आल्या आल्या खुर्च्या लावायचे, त्या अर्थातच रांगेत. मग साळवे मॅडम यायच्या आणि काही न बोलता खुर्च्या गोलात घ्यायच्या, कारण समुपदेशनाच्या वर्गात सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत. पुढच्या शनिवारी पुन्हा रांगा, पुन्हा गोल. असं बरेच आठवडे चाललं, दोघांपैकी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एके दिवशी आम्ही आलो तर खुर्च्या गोलात होत्या, आणि दोन खुर्च्यांमध्ये बरोबर हातभर अंतर होतं. सर दाराशी हात मागे बांधून उभे होते. मॅडम फक्त "वा" म्हणाल्या आणि सर लाजले.

त्यांच्या पिशवीत कायम भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा असायचा. "मंगलनं दिल्यात," म्हणायचे. मंगल म्हणजे त्यांची बायको. मधल्या सुट्टीत प्रत्येकाच्या तळहातावर सारखी मूठ पडायची, कमी नाही की जास्त नाही. शिकवलेलं सगळं ते मैदानाच्या भाषेत बदलून घ्यायचे. मुलाशी आधी जुळवून घेणं म्हणजे वॉर्म-अप. शेवटी त्याला सांभाळून निरोप देणं म्हणजे कूल-डाऊन. समानुभूती हा शब्द आला तेव्हा वर्गात पुस्तकी व्याख्यांचा पाऊस पडला. सर उभे राहिले (ते बसून कधीच बोलले नाहीत) आणि म्हणाले, "मॅडम, ही कबड्डीची चढाई झाली. समोरच्याच्या अंगणात जायचं, आपला दम सोडायचा नाही, आणि परत आपल्या रेषेवर यायचं." साळवे मॅडमनी ते लिहून घेतलं. आजही त्या नव्या वर्गाला हेच सांगतात, आणि कुणाचं म्हणणं आहे हेही सांगतात.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना प्रत्येकाने इथे का आलो ते सांगितलं होतं. आम्ही सगळे जण फार छान बोललो. मुलांचं भावविश्व, बदलता काळ, मोबाईलचा विळखा, सगळं आलं. ढवळे सरांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मला पोरांशी बोलता येत नाही. ते शिकायला आलोय. सर्टिफिकेट मिळालं तर हेडसर एक खोली देणार आहेत, पोरांशी बोलायला." आणि खाली बसले. नोकरीची थोडी वर्षं उरलेल्या माणसाला खोली कशाला हवी, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी तो तिथेच सोडून दिला.

मग सराव सुरू झाला आणि सरांचं घोडं एका जागी अडलं.

सराव तिघांच्या गटात असायचा. एक जण समुपदेशक, एक जण विद्यार्थी, तिसरा बघणारा. माझ्याकडे विद्यार्थ्याचं काम आलं. मी आठवीतली मुलगी झाले; मैत्रीण बोलेनाशी झालीय, डबा एकटीच खाते, असं रडवेल्या आवाजात सांगायला लागले. माझा अभिनय बरा असतो. सर गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेले. शिकवल्याप्रमाणे "हं" म्हणाले. पुन्हा "हं" म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर घाम आला, ते पुढे झुकले आणि म्हणाले, "बाळा, जीव द्यायचं तर मनात येत नाही ना?"

मी अभिनय विसरून फिसकन हसले. "अहो सर, मैत्रीण बोलत नाही एवढंच आहे! उद्या बोलेल की."

"हां. चुकलं," सर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कुणाची कंपासपेटी हरवली होती. तिथेही तोच प्रश्न. कुणाला गणित जमत नव्हतं, तोच प्रश्न. कुणाला शाळेच्या नाटकात घेतलं नव्हतं, तिथे तर सरांनी "हं"सुद्धा केलं नाही, सरळ विचारलं. वर्गात त्याची थट्टा व्हायला लागली. कुणाला शिंक आली तरी आम्ही एकमेकांना म्हणायचो, सरांना बोलवा. साळवे मॅडम मात्र गंभीरपणे समजावून सांगत. हा प्रश्न वाईट नाही, त्या म्हणायच्या. उलट, मुलाच्या बोलण्या-वागण्यात तशी चिन्हं दिसली तर तो सरळ, स्पष्ट शब्दांत विचारायलाच हवा. विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते भरतं, हा लोकांचा गैरसमज आहे. पण म्हणून कंपासपेटीपासून तिथे उडी घ्यायची नाही. आधी मूल काय सांगतंय ते ऐकायचं. सर मान डोलवायचे, शाळकरी पोरासारखं सगळं नीट उतरवून घ्यायचे, आणि पुढच्या सरावाला पुन्हा घाम आणि पुन्हा तोच प्रश्न.

वर्गातल्या खोट्या मुलांपर्यंत हे ठीक होतं. दुसऱ्या सहामाहीत आम्हाला खऱ्या मुलांसोबत बसवलं, सावेडीतल्याच एका शाळेत. सरांकडे सहावीतला एक मुलगा आला. गृहपाठ करत नाही एवढीच तक्रार. सरांनी त्यालाही विचारलं. पोराने घरी जाऊन आईला सांगितलं, "आई, एक मोठ्या मिशांचे सर आलेत, ते विचारत होते जीव द्यायचाय का." दुसऱ्या दिवशी आई स्कूटरवरून शाळेत हजर. बरोबर शेजारीणही होती.

"तुम्ही शिक्षक आहात का कोण आहात?" ती बाई व्हरांड्यातच ओरडत होती. "माझं लेकरू रात्रभर माझ्या कुशीत झोपलंय. कुणी शिकवलं तुम्हाला असलं विचारायला?"

सर तिच्यासमोर सावधानमध्ये उभे होते. "चुकलं ताई," एवढंच म्हणत होते. शाळेने कळवलं की या गृहस्थांना पुन्हा पाठवू नका. आता साळवे मॅडमना ठरवायचं होतं की सरांना कोर्सला ठेवायचं की नाही. प्रत्यक्ष काम पुरं झालं नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर सरांची खोली नाही.

मॅडमनी बोलावलं होतं त्या दिवशी सर फाटकाबाहेरच्या टपरीवर बसलेले दिसले. समोरचा चहा गार झालेला. मी शेजारी बसले आणि, माझाच स्वभाव, म्हणाले, "सर, रागवू नका, पण तुम्ही तोच प्रश्न का धरून बसलात?"

सर वर्गात जपून पुस्तकी बोलायचे. त्या दिवशी त्यांचं ते जपणं सुटलं.

"ओंकार माझा पोरगा," ते म्हणाले. "एकुलता. बारावीला हुता, माझ्याच शाळंत. आमच्याकडं स्पर्धा हुत्या खेळाच्या, मी सांच्याला मैदान आखत हुतो. चुना टाकायला दोरी ताणून धरावी लागती मॅडम. एका टोकाला मी, दुसऱ्याला कोनतरी पाहिजे. तेवढ्यात ह्यो आला. म्हनला, पप्पा, जरा बोलायचं हुतं. मी म्हनलं, बोल की, आधी ती दोरी धर."

मी गप्प बसले. त्या वर्षात मी पहिल्यांदा शिकवल्याप्रमाणे गप्प बसले असेन.

"धरली त्यानं. सगळं मैदान आखून हुईस्तवर धरली. मी हिकडनं वरडतोय, ताण, ढील दे, डावीकडं घे. त्यो करतोय. झाल्यावर म्हनलं, काय रं, काय म्हनत हुतास? तर म्हनला, काय न्हाई, राहू द्या. मी बी राहू दिलं. मला भूक लागल्याली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकारने आपला जीव दिला. याहून जास्त सरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"एक रेघ वाकडी आली न्हाई त्या मैदानाची," सर म्हणाले. "लई नीट धरली हुती दोरी."

इतके महिने मी ज्या प्रश्नाला हसत होते तो प्रश्न सर कुणाला विचारत होते, ते मला तेव्हा कळलं. हे सगळं तीन वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हापासून सरांनी मैदानावर शिट्टी वाजवली नव्हती. पोरं त्यांना बघून गप्प व्हायची. आधी भीतीने व्हायची, आता आणखी कशाने तरी.

"तुमी बी चला आत," सर म्हणाले. "मला एकट्याला पुन्हा सांगाया जमायचं न्हाई."

म्हणून मॅडमच्या खोलीत मी होते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून सरांच्या समोर बसल्या. "सर, तुम्ही त्या सहावीतल्या मुलाला विचारत नव्हता."

"ते कळतंय मला."

"मग?"

"कळून काय उपेग? पोरगं समोर बसलं की मला दम निघत न्हाई. वाटतं, आत्ता इचारलं न्हाई, आन् उद्या..."

मॅडमनी त्यांना काढलं नाही. त्या स्वतः त्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईची माफी मागून आल्या. सरांना मात्र अट घातली. आधी त्यांनी स्वतः एका समुपदेशकाकडे जायचं, समोरच्या खुर्चीत बसायचं. मग दुसऱ्या शाळेत पहिल्यापासून काम सुरू. "हा प्रश्न सोडून द्या असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आधी ऐका. ऐकलं की कळतं, कुणाला विचारायचा."

"आन् ऐकून बी कळलं न्हाई तर?"

"तर आपणही माणसंच आहोत, सर."

सरांना हे उत्तर पटलं नाही. त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण ते गेले. पहिल्या खेपेला बाहेर येऊन म्हणाले, "नुसता बसून आलो." पुढच्या वेळी म्हणाले, "रडून आलो," तेही दाढी करून आलो म्हणावं इतक्या सहज. हळूहळू त्यांच्यात फरक पडला. दुसऱ्या शाळेत सातवीतली एक मुलगी त्यांच्याकडे आली. जामखेडकडची, मामाकडे शिकायला ठेवलेली, कुणाशीच बोलत नव्हती. सर तिच्याजवळ दोन तास काही न विचारता बसले. शेवटी ती तिच्या गावाकडच्या शेळीबद्दल बोलायला लागली, आणि मग थांबेचना. शेळीला किती करडं झाली, कोणता पाला आवडतो, कुणाच्या हातचं पाणी पीत नाही, सगळं. सर बाहेर आले ते एखादा सामना जिंकून आल्यासारखे. "मॅडम, शेळीची सात पिढ्यांची माहिती मिळाली," मला म्हणाले. मी खूप हसले आणि या वेळी तेही हसले.

याच दिवसांत एकदा आम्ही स्टँडवर कर्जत गाडीची वाट बघत होतो. पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं आणि कंडक्टर नगर-नगर ओरडतोय, अशा दुसऱ्याच गाड्या येत-जात होत्या. सर आपणहून बोलायला लागले.

"ऐकाया लागल्यापासनं एक बरं झालंय. कळतंय की कैक पोरं काय केल्या सांगत न्हाईत. आमचा ओंकार तसलाच. माझ्यावर गेल्ता, मुका. मी इचारलं आसतं तरी त्यानं सांगितलं नसतं. मंगल बी हेच म्हनती. जेवताना आमी दोघं हेच बोलतो. ती म्हनती, नसतंच सांगितलं त्यानं. मी म्हनतो, व्हय, नसतंच सांगितलं. मग घास जातो."

गाडी आली आणि ते खिडकीशी जागा धरायला पळाले.

आता त्या शेवटच्या परीक्षेबद्दल. ज्या मुलाची गोष्ट आहे त्याची ओळख पटेल असं मी काही सांगणार नाही. अंतिम प्रात्यक्षिकात मुलाच्या आणि पालकांच्या परवानगीने साळवे मॅडम खोलीच्या कोपऱ्यात बसून बघायच्या. मी माझ्या पाळीसाठी व्हरांड्यात थांबले होते. आत काय झालं ते मला नंतर कळलं, थोडं सरांकडून, थोडं मॅडमकडून.

मुलगा मोठ्या वर्गातला होता. मार्क घसरले म्हणून पाठवलेला. नीटनेटका, हसतमुख, सगळ्याला "काही नाही सर, मस्त चाललंय" म्हणणारा. असा मुलगा म्हणजे सोपी परीक्षा. मला मिळाला असता तर मी खूश झाले असते. सर ऐकत राहिले. मुलगा क्रिकेटबद्दल बोलला, आपल्या बॅटबद्दल बोलला, आणि बोलता बोलता म्हणाला की ती बॅट त्याने परवा चुलतभावाला देऊन टाकली. "मला कशाला लागणारेय आता."

सर थांबले. मॅडम सांगतात, सरांनी एकदाच वळून त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमनी मुद्दाम चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. सरांनी विचारलं नसतं तर त्या स्वतः उठून विचारणार होत्या. पण सरांना हे कुठे ठाऊक? याच प्रश्नापायी एका शाळेतून त्यांना काढलं होतं, कोर्समधून काढायची वेळ आली होती. पुन्हा चुकीच्या ठिकाणी विचारला तर सगळं वर्ष पाण्यात आणि खोली कायमची गेली.

त्यांनी विचारलं. घाई न करता, घाम न येता, सरळ शब्दांत.

मुलगा हसायचा थांबला. मग म्हणाला, "हो."

आणि मग ते सगळं बाहेर आलं. मॅडमनी बाहेर येऊन मला मुख्याध्यापकांकडे पिटाळलं, फोन झाले, मुलाच्या वडिलांना बोलावलं, त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. तेवढा वेळ सर त्याच्या शेजारून हलले नाहीत. वडील एम.आय.डी.सी.तून कंपनीच्या कपड्यांतच धावत आले आणि दारातूनच म्हणाले, "काय केलंय यानं?"

"काही केलं नाही त्यानं," सर म्हणाले. "या, बसा. त्याला बोलायचंय तुमच्याशी. हातातलं सगळं खाली ठेवा."

वडिलांच्या हातात हेल्मेट होतं. त्यांनी ते जमिनीवर ठेवलं आणि ते मुलाजवळ बसले. हा मुलगा आज बरा आहे. कॉलेजला जातो. एवढं सांगायला हरकत नाही.

ती माणसं गेल्यावर सर शाळेच्या पायऱ्यांवर येऊन बसले. मला तर आनंदाने काय करू नि काय नको झालं होतं. मी म्हणाले, "सर, अहो, तुम्ही पोराला वाचवलंत! आता सर्टिफिकेटची काळजीच सोडा."

"सांगितलं त्यानं," सर म्हणाले.

"हो ना! तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"तेच म्हनतोय. नुसतं इचारलं, तर सांगितलं. हा बी मुकाच हुता की. हसून समदं दडवनारा. एकदा इचारलं, तर सांगितलं."

माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. मी हसतच त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू हळूहळू गेलं.

"मग ओंकारनं बी सांगितलं आसतं," सर म्हणाले.

साळवे मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या खाली पायरीवर बसल्या आणि बोलल्या. प्रत्येक मूल वेगळं असतं, एकावरून दुसऱ्याचं कळत नाही, तेव्हा तुम्हाला कुणी हे शिकवलं नव्हतं, असं सगळं बोलल्या. एकही शब्द खोटा नव्हता. सरांनी ते नीट ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, मान हलवली. ऐकायला ते आता फारच चांगले शिकले होते. शेवटी म्हणाले, "व्हय मॅडम. तुमचं बरोबर हाय." आणि मला म्हणाले, "एक करा. मंगल कधी भेटली तर हे पोरगं बोलल्याचं तिला सांगू नका. माझा आधार गेला तो गेला. तिचा ऱ्हाऊ द्या."

सर पास झाले. प्रात्यक्षिकात वर्गात सगळ्यात जास्त गुण त्यांना. हेडसरांनी शब्द पाळला. जुन्या प्रयोगशाळेशेजारची खोली झाडून, रंगवून ठेवली.

सर्टिफिकेट वाटपाला मंगलबाई आल्या. कॉलेजच्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. बारीक चणीची, डोक्यावर पदर घेतलेली बाई शेवटच्या रांगेत बसली होती आणि सरांचं नाव पुकारल्यावर सगळ्यांच्या नंतरही टाळ्या वाजवत राहिली. कार्यक्रम संपल्यावर सर तिला माझ्याकडे घेऊन आले. "ह्या त्या मॅडम," म्हणाले. तिने माझे दोन्ही हात धरले. हात खरखरीत आणि गरम होते. माझं घर कुठे, मुलं किती, सासूबाई कशा आहेत, सगळं विचारून झालं. मग तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, एक इचारू का? ह्यांना इचारलं तर धड सांगत न्हाईत. तुमी शिकल्याल्या. इचारलं की पोरं खरंच सांगत्यात का हो?"

सर तिच्या मागे उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. हॉलमध्ये शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. मला त्या वर्षात शिकवलेलं सगळं आठवत होतं, खरं बोला, सरळ बोला, समोरच्याला पेलेल तेवढंच बोला, आणि यातलं नेमकं कोणतं आत्ता करायचं ते मला कुणीच शिकवलं नव्हतं.

"काही सांगतात," मी म्हणाले. "काही नाही सांगत."

मंगलबाईंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा निवांत झाला होता.

"आमच्या ओंकारनं नसतंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "व्हय की न्हाई हो?"

"व्हय," ढवळे सर म्हणाले. "नसतंच सांगितलं त्यानं."

मग त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि कर्जतची गाडी चुकायला नको म्हणून दोघं भराभरा फाटकाकडे निघाले.